एकदांडीचा रस आणि प्रयोगशाळेतील कसोटी

प्रश्न : शेतात विळा लागला की माझी आजी एकदांडीचा पाला चुरगाळून त्याचा रस जखमेवर पिळत असे आणि चार-पाच दिवसांत जखम खपली धरत असे. याच पाल्याच्या अर्काने उंदरांच्या जखमा लवकर भरल्याचे अलीकडे वाचले. मग त्याचे मलम सर्रास का वापरले जात नाही? तसेच हळदीवरचे अमेरिकी पेटंट रद्द झाले, म्हणजे हळदीचा गुण सिद्ध झाला असे समजावे काय?
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : आपल्या आजींचा अनुभव खोटा नाही, परंतु विळ्याची स्वच्छ, उथळ जखम काहीही न लावता देखील बहुधा तेवढ्याच दिवसांत खपली धरते. त्यामुळे ‘जखम भरली का’ हे पाहून भागत नाही, रस लावला नसता तर ती किती दिवसांत भरली असती हे कळावे लागते, आणि एकाच बोटावर या दोन्ही गोष्टी पाहता येत नाहीत.

प्रयोगशाळेत म्हणूनच उंदरांचे गट पाडतात. भूल देऊन पाठीवरचे केस काढतात, ठरावीक मापाचा त्वचेचा तुकडा कापून घेतात आणि काही दिवसांच्या अंतराने जखमेवर पारदर्शक कागद ठेवून तिची कड गिरवून घेतात. मग आलेख कागदावर चौकटी मोजून क्षेत्रफळ काढतात. दुसऱ्या पद्धतीत सरळ छेद घेऊन टाके घालतात आणि साधारण दहाव्या दिवशी, टाके काढल्यावर, जखमेच्या एका कडेला अडकवलेल्या भांड्यात हळूहळू पाणी सोडतात. किती पाण्याच्या वजनाने जखम उकलते, यावरून नव्या ऊतीची बळकटी कळते. पद्धत बाळबोध वाटते, पण चोख आहे.

यात निर्णायक ठरतो तो नुसत्या मलमाचा, म्हणजे अर्क न घातलेल्या मलमाचा गट. मलमामुळे जखम ओलसर राहते आणि तेवढ्यानेही ती भरायला मदत होते. बर्च या युरोपीय वृक्षाच्या सालीच्या अर्कापासून केलेल्या जेलची चाचणी त्वचेला सतत फोड येणाऱ्या एका आनुवंशिक विकाराच्या 223 रुग्णांवर झाली. 45 दिवसांत निवडलेली जखम पूर्ण भरल्याचे प्रमाण अर्क लावलेल्यांत 41.3 टक्के होते, तर बिनअर्काचे जेल लावलेल्यांतही ते 28.9 टक्के होते. अर्काचे श्रेय मधल्या फरकापुरतेच. तरी तो फरक माणसांवर दिसला, म्हणून 2022 मध्ये युरोपात त्या जेलला मान्यता मिळाली.

उंदरांवरून माणसांबद्दल बोलताना आणखी एक अडचण येते. उंदराच्या त्वचेखाली स्नायूचा पातळ थर असतो आणि बटव्याची दोरी ओढावी तशी त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते. आपल्या बहुतेक जखमा मात्र तळापासून नवे मांस येऊन आणि वर त्वचेचा थर पसरून भरतात. डुकराची त्वचा याबाबतीत आपल्याला जवळची. पण तो प्रयोग खर्चिक असतो, आणि पुष्कळशा वनस्पतींचे काम उंदरांपाशीच थांबते.

शिवाय अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क आणि आजींनी पिळलेला रस ही एकच वस्तू नव्हे. पाण्यात न उतरणारी द्रव्ये अल्कोहोलमध्ये उतरतात. पाला कोणत्या ऋतूत, कोणत्या जमिनीतून घेतला यानेही द्रव्यांचे प्रमाण बदलते, आणि प्रत्येक नळीत ते सारखे राखल्याशिवाय औषध म्हणता येत नाही. बांधावरच्या पाल्याबरोबर मातीही येते आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, तेव्हा जखम आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी; ती खोल असेल किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर पाल्याच्या भरवशावर राहू नये, डॉक्टरांना दाखवावे.

हळदीचे प्रकरण निराळे आहे. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व लेख पुराव्यादाखल देऊन त्याला हरकत घेतली आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. हा उपयोग भारतात आधीपासून माहीत होता, एवढेच तिथे ठरले. हळदीने जखम किती लवकर भरते, हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हताच.