डोळ्याची नस : सुकली, सुजली की दाह?

प्रश्न असा : रिपोर्टात ‘ऑप्टिक न्यूरायटिस’ (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा आजार) आहे, घरात सगळे ‘डोळ्याची नस सुकली’ म्हणतात. मराठीत नेमकं काय म्हणावं?

‘सुकली’ तर नकोच. सुकणं म्हणजे अ‍ॅट्रॉफी, ती शेवटची अवस्था. काचबिंदूने, गाठीच्या दाबाने, वारंवार न्यूरायटिस होऊन, कशानेही नस सुकते आणि मेलेले तंतू परत उगवत नाहीत. न्यूरायटिसमध्ये मात्र बहुतेकांची नजर काही आठवड्यांत बरीच सुधारते. ‘सुकली’ ऐकून माणूस आशाच सोडतो.

‘सुजली’ त्याहून बरा, पण फसवा. सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत आजार डोळ्याच्या गोळ्यामागे असतो. आत डोकावून पाहिलं तर नसेची चकती (डिस्क, म्हणजे डोळ्याच्या आत दिसणारं नसेचं टोक) अगदी नॉर्मल. सूज दिसत नाही, पण डोळा फिरवला की दुखतो, लाल रंग विटका दिसतो. उलट कवटीतला दाब वाढला की दोन्ही चकत्या टम्म सुजतात, तिथे दाह नसतो आणि सुरुवातीला नजरही बहुधा शाबूत असते. एकीकडे दाह आहे पण सूज दिसत नाही, दुसरीकडे सूज आहे पण दाह नाही. बोलताना दोन्हींना आपण ‘नसेवर सूज’च म्हणतो!

म्हणून ‘डोळ्याच्या नसेचा दाह’. संधिदाह रुळलाच आहे, त्याच वळणाचा. ‘शोथ’ही चालतो, पण त्याचा मूळ अर्थ सूजच, म्हणजे पुन्हा तोच घोळ. ‘नस’ ऐकून काहीजण रक्तवाहिनी समजतात आणि ‘ब्लॉकेज आहे का?’ विचारतात, तिथे एकदा ‘चेता’ म्हणून सांगावं, शाळेत चेतासंस्था सगळ्यांनी वाचलेली असते.

हा नुसता कीस नाही. सूज म्हटली की ‘सुजेची गोळी’, म्हणजे स्टेरॉइडची गोळी आली. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत (1992) शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रोज 1 ग्रॅम, 3 दिवस दिल्यावर नजर लवकर सुधारली. अखेरच्या नजरेत मोठा फरक पडला नाही. पण वजनाच्या किलोमागे 1 मिलिग्रॅम प्रेडनिसोनच्या (हेही स्टेरॉइडच) नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत आजार जास्त वेळा उलटला.

रिपोर्टात ‘डिस्क पेल’ असेल तर ‘सुकली’ म्हणा. चकती फिकी पडायला 4 ते 6 आठवडे लागतात. नजर कालच गेली आणि चकती आजच फिकी दिसतेय, तर नसेचं नुकसान जुनं आहे.