पाच पानं की सहा?

ताई,
मी यावल तालुक्यातल्या एका गावात राहते. दारात दोन म्हशी आहेत, दूध-दुभत्याला घरात कधी कमी पडलं नाही. थोरला मुलगा पुण्याला नोकरीला आहे. येत्या रविवारी तो ऑफिसातल्या मैत्रिणीला जेवायला घेऊन येतोय. (मैत्रीण म्हणजे कोण, ते मला न सांगता कळलंय.) फोनवर म्हणाला, “आई, ती व्हीगन आहे. दूध, दही, तूप, मध, काहीच खात नाही.” तेव्हापासून मला काही सुचत नाही. वरणावर तूप नाही, कढी नाही, म्हैस नुकती व्यायलीय तर खरवसही नाही, मग ताटात वाढू काय? जळगावहून टोफू मागवून ठेवलाय, पण तो करतात कसा ते माहीत नाही. नणंद म्हणते, नेहमीसारखा स्वयंपाक कर, फोडणीत तूप की तेल हे तिला काय कळणार. ह्यांचं म्हणणं, म्हशीवाल्याच्या घरी येऊन दूध नको म्हणणं हा अपमान आहे. आम्ही दोघं, दोन्ही मुलं आणि ती, अशी पाच पानं होतील. सासूबाईंचं काही नाही, पोटाच्या दुखण्यापासून त्यांनी दूध-तूप सोडलंय. कोरा चहा आणि चटणी-भाकरी यावर त्यांचं भागतं, त्यांचं ताट मी आधीच आत नेऊन देते. पहिल्याच भेटीत फजिती नको. काय करू?
– काळजीत पडलेली आई

काळजीत पडलेल्या आईस,

टोफूचं नंतर बघू. आधी पानं मोजू.

तुम्ही दोघं, दोन मुलं, पाहुणी. झाली पाच. बेरीज बरोबर आहे. पण रविवारी तुमच्या घरात जेवणारी माणसं सहा आहेत, आणि सहाव्या माणसाला तुम्ही पत्राच्या शेवटी ‘काही नाही’ म्हणून निकालात काढलंय. अहो, तुमच्याच घरात एक जण रोज दोन्ही वेळा दूध, दही, तूप यांना हात न लावता जेवतंय, आणि तुम्ही मला विचारताय की दुधातुपावाचून ताट वाढायचं कसं?

मला राग आलाय, तो झाकून ठेवत नाही. पुण्याची पोरगी एका जेवणापुरती येणार तर तुम्ही जळगावहून टोफू मागवलात. सासूबाईंनी तूप सोडलं तेव्हा काय मागवलं होतंत? त्या कधी काही मागत नाहीत, असं तुम्ही म्हणाल. नाहीच मागणार. सुनेला दुसरं भांडं चुलीवर चढवायला लागू नये म्हणून भाकरी कुस्करायची, वर चटणी आणि तेलाची धार घ्यायची आणि “झालं माझं” म्हणत हात धुवायचे, यात त्या पिढीच्या बायका तरबेज आहेत. ताट वेळेवर नेता, हे मी वाचलं. गोठ्यात वैरणही वेळेवरच जाते.

तेव्हा तुम्हाला काम एकच सांगते. आज संध्याकाळी धारा काढून झाल्या की सासूबाईंच्या खाटेपाशी जाऊन बसा आणि विचारा, “आई, रविवारी पाहुणी येतेय, ती दूध-तूप खात नाही. काय करू या?” मग गप्प बसा. त्या म्हणतील, “मले काय इचारते, कर तुले जे करनं असीन ते.” उठायचं नाही. पुन्हा विचारायचं. दुसऱ्यांदा विचारलं की त्यांना खरं वाटेल.

त्या काय सांगतील याचा मला साधारण अंदाज आहे, मीही तुमच्याच भागातली. चंपाषष्ठीच्या आगेमागे दुसरं काय सांगणार? भरीत. तुमच्याच तालुक्यातल्या बामणोदच्या वांग्यांचं नाव लोक लांबलांब घेतात. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच वांग्यांच्या गावाशेजारी बसून तुम्ही टोफूची पिशवी उलटीपालटी करताय! भरतात दुधाचा थेंब नसतो, कधीच नव्हता. हिरवी, बोजड, कमी बियांची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुरकट वास येत नाही, तेव्हा अंगणात विस्तव करायचा आळस करू नका. सालं काढून वांगी लाकडी बडगीत ठेचायची, त्यात भाजलेल्या मिरच्या आणि लसूण. तेलात शेंगदाणे नि खोबऱ्याचे काप लालसर परतायचे, त्यावर भरपूर कांद्याची पात, मग वांगं, शेवटी कोथिंबीर. सोबत कळण्याच्या पुऱ्या, ज्वारी नि उडदाच्या. तेल शेंगदाण्याचंच. मीठ-मिरची किती ते सासूबाईंना चाखायला देऊन ठरवा. त्यांना चुलीपुढे उभं मात्र करू नका. त्यांनी पाटावर बसून सांगायचं, तुम्ही करायचं.

भरतानंतर रश्श्याचं काही हवं असेल तर पातोड्या आहेतच. बेसन शिजवून थापलेलं, वड्या पाडलेल्या, खोबरं-कांदा भाजून केलेला काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तेलाचा तवंग. खिचडी करणार असाल तर वर तूप नको, लसणाच्या फोडणीचं तेल घाला. आपल्याकडे खिचडीवर कच्चं तेल ओतून खाणारी घरं काय कमी आहेत? गोडाला पुरणपोळी. पुरण म्हणजे हरभऱ्याची डाळ नि गूळ, त्यात दुधाचा संबंध कुठे येतो? कणीक पाण्यातच भिजवा, तेलाचा हात लावा, पोळीबरोबर कटाचं सार वाढा. बिबड्या, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, तळा. आणि केळीच्या मुलखात आलेली पाहुणी, तिला जाताना घरच्या बागेतली नाहीतर शेजाऱ्याच्या बागेतली फणी बांधून द्या.

एवढं सगळं सांगताना मला कुठे काही गाळावं लागलं नाही. तुमची अडचण स्वयंपाकाची नाहीच. तुपाची बरणी चुलीजवळ असते आणि हात सवयीनं तिकडे जातो, अडचण तेवढीच. पुरणपोळी तव्यावरून उतरली की चमचा फिरलाच. तेव्हा रविवारी सकाळी ती बरणी उचलून देवघराशेजारी ठेवा.

विकतच्या जिनसांचं जरा बघा. पाकिटावर हिरवा ठिपका दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, दुधाचे पदार्थही हिरव्या ठिपक्यात येतात. व्हीगन मालासाठी आपल्या अन्नसुरक्षा खात्याने २०२२ साली वेगळे नियम केले आणि चिन्हही वेगळं दिलं. ते नसेल तर मागची बारीक अक्षरं वाचा, बिस्किटात दूध पावडर हमखास निघते. आणि ती जैन आहे असं समजून कांदा-लसूण गाळू नका. जैन पाहुण्याला दही चालतं, भरीत चालत नाही. हिचं नेमकं उलटं. तरी मुलाला एक फोन करून खात्री करून घ्या.

नणंदेचं मात्र ऐकाल तर खबरदार. पाहुणीला न सांगता न खाण्याची गोष्ट खाऊ घालणं याला आपल्याकडे पाहुणचार म्हणत नाहीत. मटण न खाणाऱ्याला तुमच्या पंगतीत कुणी चोरून रस्सा वाढला तर तुम्ही काय कराल? मग झालं तर.

राहता राहिला तुमच्या यजमानांचा अपमान. त्यांना एवढंच विचारा, “आई इतकी वर्षं तुमच्या म्हशींचं दूध पीत नाहीत, तेव्हा अपमान वाटला होता का?” आईनं सोडलं ते पोटासाठी, ही सोडते ते जनावरांसाठी, कारणं वेगळी, ताट एकच. जेवताना गोठ्यावरून वाद निघायला नको, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. ती पोरगी सून होणार की नाही, ते मला विचारू नका आणि तिलाही रविवारी विचारू नका.

आता बसायचं कसं ते सांगते. सासूबाईंचं ताट आत जाणार नाही. त्यांचा पाट पाहुणीच्या शेजारी. गुडघे दुखत असतील तर खुर्ची-टेबल मांडा, मग सगळ्यांनाच टेबलावर बसवा, त्यांना एकटीला नाही. दोघींच्या ताटात तेच भरीत, तीच पुरी, तीच पोळी. आल्याबरोबर पाहुणीला चहा विचाराल तेव्हा कोरा चहा दोन कप टाका, गूळ आणि आलं घालून, आणि दुसरा कप सासूबाईंच्या हातात द्या. पुढचं त्या दोघी बघून घेतील. तुमच्या थोरल्यालाही आजी काय खाते नि काय खात नाही, ते त्या दिवशी कळलं तर बरंच.

पत्रात तुम्ही टोफू कसा करायचा विचारलंत. सोयाबीनच्या दुधाचं ते पनीर आहे, वाईट नाही. सोमवारी त्याचे तुकडे तव्यावर तेलात खरपूस परता, वर तिखट-मीठ भुरभुरा आणि सासूबाईंना चव दाखवा. आवडलं तर दर महिन्याला मागवा, नाही आवडलं तर धाकटा आहेच.

आणि दाल-बट्टीचा बेत डोक्यात असेल तर काढून टाका. बट्टी तुपावाचून घशाखाली उतरत नाही.