नोकरीसाठी कोकण सोडून पुण्याला जायचंय, हातात तीनच आठवडे आहेत. ते कसे घालवू?

तू लिहिलंयस की तू मालवण तालुक्यातला, वय २३, पुण्यात पहिली नोकरी लागली आहे आणि १५ जूनला रुजू व्हायचं आहे. घरी आई-बाबा आणि आजी. समुद्र, गाव, सगळं डोळ्यांत साठवून घ्यायचंय, तर काय काय करू, असा तुझा प्रश्न.

मी वेंगुर्ल्याकडची. तुझ्याहून मोठी आहे, म्हणून अरे-तुरेच करते. २०१४ च्या जूनमध्ये मीही अशीच पुण्याला आले, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. माझ्याकडे पंधरा दिवस होते आणि ते मी चुकीचे घालवले. तुझा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

मी काय केलं, तर फिरले. मैत्रिणींबरोबर तारकर्ली, देवबागचा संगम, रेडीचा गणपती, शिरोड्याचा वेळागर. पावसाळ्याच्या तोंडावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, म्हणून धावतपळत तोही केला, जणू १६६४ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला मी परत येईपर्यंत थांबणार नव्हता. शेकडो फोटो काढले. ते सगळे अजून आहेत माझ्याकडे. कित्येक वर्षांत मी ते उघडलेले नाहीत.

आणि त्याच पंधरा दिवसांत आमच्या मागल्या दारी आजी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसलेली असायची. बिया आणि गर एका भांड्यात, साली दुसऱ्यात. रसात मीठ घालून त्यात साली बुडवायच्या, उन्हात सुकवायच्या, संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. साल काळसर, लवचीक आणि चिकट होईपर्यंत हेच चालायचं. तिची बोटं मेअखेरपर्यंत जांभळी व्हायची आणि मिरगाच्या, म्हणजे मृग नक्षत्राच्या, पावसापर्यंत तशीच राहायची. मला दोनदा म्हणाली, "ये गो, वायच हात लाव." मी म्हटलं, उद्या. २०१७ च्या श्रावणात ती गेली. आई आता सोलं करते आणि चांगली होतात, पण आजीच्या सोलांची कढी पहिल्या घोटाला जिभेच्या कडेला जशी लागायची तशी लागत नाही. किती पुटं, किती मीठ, हे तिच्या हाताला माहीत होतं. आम्ही कुणी विचारलं नाही.

तर पहिली गोष्ट. जागा बघायला जाऊ नकोस. तारकर्ली कुठे जात नाही. पुढच्या वर्षी पुण्याचे मित्र घेऊन येशील तेव्हा त्यांना दाखवायला तिथे जाणारच आहेस, चार-पाच वेळा तरी.

दुसरी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती नीट सांगते. १५ जूनपासून तू चाकरमानी होणार. आपण लहानपणी ज्यांची वाट बघायचो, ते आता तू. चाकरमान्याच्या वाट्याला कोकणाचे दोनच महिने येतात: चतुर्थी आणि मे. सुट्टी तेव्हाच मिळते, गाड्या तेव्हाच भरतात. उरलेले दहा महिने हळूहळू तुझ्या आयुष्यातून निघून जातात. मला आठ वर्षांनंतर एकदा आईच्या आजारपणासाठी नोव्हेंबरात जावं लागलं, आणि सकाळच्या उन्हात भात झोडायचा आवाज कानावर आला तेव्हा मी अंगणात थांबले. हा आवाज मी विसरले होते. आठवण काढायची असते हेसुद्धा विसरले होते.

म्हणून तुला मिळालेले तीन आठवडे किती मोलाचे आहेत बघ. मेअखेर ते जूनचा मध्य. मुंबईकर परत गेलेले असतात, पर्यटक आटपतात, वाड्या रिकाम्या होतात. हा काळ फक्त तिथे राहणाऱ्यांचा. यानंतर तो तुला सुट्टीत मिळणं कठीण, म्हणून डोळ्यांत साठवायचं असेल तर तेच साठव.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्याआधीच्या आठवड्यात होड्या वर घेतात, इंजिनं उतरवतात, जाळी धुऊन सुकवतात, मग होडीवर झावळांची झापं आणि ताडपत्री घालून दोर आवळतात. छोटी होडी वर घेताना अजूनही दहा-बारा माणसं लागतात. तुझ्या वाडीच्या किनाऱ्यावर जा आणि दोराला हात लाव. एक माणूस आवाज देतो, सगळे एकदम ओढतात, होडी हातभर सरकते, मागचा ओंडका काढून पुढे टाकायचा, पुन्हा आवाज. दोर ओला असतो, तळहात सोलतो. पुण्यात खुर्चीवर बसल्यावर त्या तळहाताची आठवण मला फार येते. लहान असताना काकांबरोबर मी हे केलेलं आहे, मोठी झाल्यावर मात्र करायचं राहिलं.

७ जूनच्या आसपास मिरग लागतो. घरात राखण (राखणदार देवाचा नैवेद्य) द्यायची रीत असेल तर त्या दिवशी घरी राहा, कोंबडीवडे खाऊनच ऊठ. पहिला मोठा पाऊस झाला की रात्री व्हाळाला (ओढ्याला) चढणीचे मासे येतात. कोण जाणार असेल त्याच्याबरोबर बॅटरी घेऊन जा, मासा मिळो न मिळो. काजव्यांचेही हेच दिवस. आणि रात्री झोपताना एकदा समुद्राची गाज लक्ष देऊन ऐक. जूनमध्ये तिचा आवाज बदलतो, जड होतो, कधी दक्षिणेकडून येतो, कधी उत्तरेकडून. आमचे काका त्यावरून पावसाचं बोलायचे. पाण्यात मात्र उतरू नकोस. या दिवसांतलं पाणी आपल्या ओळखीचं नसतं, हे तुला सांगायला नको.

आता आजीबद्दल. तू प्रश्नात तिचा उल्लेख एका शब्दात केलायस, माझं लक्ष तिथेच अडकलं.

माझ्या आजीकडून मी एकच गोष्ट वेळेवर शिकले, तीही अपघाताने. कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला ती सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खडपावर (किनाऱ्याच्या खडकांवर) जायची, हातात कोयती आणि एक डबा. वेळ कशी कळते म्हणून मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "आज पंचम मा? पाच त्रिक पंधरा, त्याचे चार भाग. पावणेचाराक भरती." तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ आली. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पुनवेला-अवसेला सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या सुमारास. साधारण सहा तासांनी सुकती, आणखी सहा तासांनी पुन्हा भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण पंचांगातली तिथी आणि तीनचा पाढा एवढ्यावर समुद्राची वेळ कळते. कालवांसाठी अवस-पुनव चांगली, कारण तेव्हा उधाण. भरती जेवढी वर चढते तेवढीच सुकती खाली जाते, एरवी न दिसणारे खडप संध्याकाळी उघडे पडतात. अष्टमी-नवमीला भांग, पाणी धड वर येत नाही, धड खाली जात नाही. त्या दिवशी ती घरीच असायची.

पुण्यात माझ्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लावलेलं आहे. सकाळी चहा ठेवताना मी तिथी बघते आणि गुणाकार करते. आज षष्ठी, म्हणजे साडेचारला तिकडे पाणी वाळूच्या वरच्या रेषेला लागलेलं असेल. खिडकीतून समोरच्या इमारतीची गॅलरी दिसते, पण पाणी कुठपर्यंत आलंय ते मला माहीत असतं. फोटोंनी मला हे दिलं नाही.

तुझ्या आजीला असं काय काय येतं, मला कसं कळणार. पण काहीतरी येतं, नक्की. तिच्या शेजारी बस आणि हाताने कर. नुसतं बघू नकोस, मोबाईलवर चित्रीकरण करून समाधान मानू नकोस. चित्रीकरण कर हवं तर, पण आधी तुझे हात त्यात जाऊ देत. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), कुळथाची पिठी, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं कधी आणि किती ठेचून टाकायची, जे असेल ते. तीन आठवड्यांत एक गोष्ट आली तरी पुष्कळ.

बाबांबरोबर एक दिवस काढ, आणि हे मी भावनेपोटी सांगत नाही. त्यांच्याबरोबर जमिनीच्या कडेने चाल. आपला गडगा (दगडी कुंपण) कुठून कुठे, कोणता कुणगा (भाताचा तुकडा) कुणाकडे कसायला दिला आहे, विहिरीची वाट कुणाच्या भाटातून (बागायतीतून) येते, कोणतं कलम कुणी लावलं. आपल्याकडचे सातबारे सामाईक, एकेका उताऱ्यावर वीस-वीस नावं, आणि त्यातली अर्धी माणसं मुंबईत. कागदावर जे नसतं ते बाबांच्या पायांना माहीत असतं. आमच्या वाडीत दोन घरं अशी आहेत की मुलांना हद्दच सांगता येत नाही. घराला कुलूप, अंगणात रान, आणि गडग्याचे दगड कुणी कधी नेले कळलं नाही. तू एका वहीत लिहून घे, साधा नकाशा काढ, झाडांची नावं घाल. बाबांना त्या दिवशी बरं वाटेल. ते बोलून दाखवणार नाहीत.

कामाची बारीकसारीक कामंही याच दिवसांत उरकून टाक. आजीच्या गोळ्यांची यादी, पंप बिघडला तर कुणाला बोलवायचं, आईला व्हिडिओ कॉल लावता येतो का. छपराची कौलं परतायची राहिली असतील तर पाऊस धरायच्या आत परतून घे. तू गेल्यावर ती शिडी बाबांना एकट्याला चढावी लागेल.

सामानाबद्दल थोडं. सगळा डबा भरून आणू नकोस. पुण्यात कोकणी मालाची दुकानं आहेत, गणेश पेठेत मासळी बाजार आहे, बांगडा मिळतो. बर्फातला असतो, सवय होते. आण ते घरचंच: सोलं, वाळवलेली तिरफळं (ती वर्षभर छान टिकतात), आईचा मसाला, दोन किलो उकडा तांदूळ. आगळाची बाटली तोंडाला प्लॅस्टिक बांधून उभी ठेव, घाटात सांडते. सुकी मासळी पहिल्या खेपेला नको, आधी खोलीवरची माणसं कशी आहेत ते बघ.

हुरहूर लागणार नाही असं काही करता येईल का, असं तुझ्या मनात असेल तर, नाही रे. लागणारच. मी एसटीने सावंतवाडीवरून आंबोली घाट चढत होते, पाऊस लागला होता, आणि वर पोचल्यावर खिडकीतून आत आलेला वारा वेगळा होता. त्यात खारटपणा नव्हता. आयुष्यभर श्वासाबरोबर घेतलेली गोष्ट संपल्यावर मला कळली. त्यानंतर पहिले तीन महिने जड गेले, मग दिवस सरले. तुझेही सरतील. नोकरी मनापासून कर. पहिला पगार झाला की आजीला काहीतरी पाठव, छोटंसं, पण तिच्या नावाने.

निघताना 'जातंय' म्हणू नकोस, 'येतंय' म्हण. तुझी आजी तुला तसंच म्हणायला लावेल.

आणि एक काम आजच कर. कॅलेंडर काढ, येत्या अवसेची किंवा पुनवेची तारीख बघ, तुझ्या जाण्याच्या आतली. त्या दिवशी दुपारी भरती असेल आणि संध्याकाळी पाचच्या पुढे पाणी चांगलं खाली गेलेलं असेल. समुद्र शांत असला तर आजीला विचार, खडपावर येतेस का. गुडघे दुखतात म्हणेल. गाडीवरून ने, वाळूपर्यंत हात धर, आणि ती दगडावर बसून कुठे कोयती मारायची ते दाखवेल तिथे मार.