डबा परत देताना

लाडक्या मनू,

काल रात्री तुझा मेसेज आला तेव्हा हात कणकेत होते, म्हणून नुसता अंगठा पाठवला. पण अंगठ्यावर भागवण्यासारखा तो प्रश्न नव्हता. होस्टेलमधल्या शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीने तुला डबाभर जोलॉफ भात, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला टोमॅटोचा भात दिला, तू तो दोन दिवस पुरवून खाल्लास, डबा घासूनपुसून ठेवलास, आणि आता तो परत द्यायला तुझा पाय निघत नाहीये. "रिकामा डबा परत द्यायचा नाही हे मराठी आहे का आई, की तुझंच काहीतरी आहे?"

माझं एकटीचं नाही. एकट्या मराठी माणसांचंही नाही. इथे इंग्लंडात, लेस्टरला आपल्या गल्लीतल्या गुजराती घरांतून ढोकळ्याची ताटली येते, तेव्हा ती परत जाताना तिच्यात काय आहे हे त्या माऊल्याही झाकण उचलून बघतातच. पण तुला ही सवय कुठे लागली ते मला नेमकं माहीत आहे, आणि गंमत म्हणजे तू ते विसरली आहेस. तू तेव्हा बारा वर्षांची होतीस आणि साल होतं २०२०.

जरा लांबून सांगते. वाचताना अडलीस तर फोन कर. भाषांतराच्या ॲपला विचारू नकोस, मागच्या वेळी त्याने माझ्या फोडणीचा स्फोट केला होता.

त्या वर्षी पाडवा २५ मार्चला आला. इथे सोमवारी, २३ तारखेला रात्री टीव्हीवर सगळ्यांना घरात बसायला सांगितलं आणि दुसऱ्या रात्री भारतात तेच झालं. म्हणजे पुण्यात आजी-अप्पांच्या लॉकडाऊनचा पहिला दिवस नेमका पाडव्याचा. आजीने सकाळीच फोन केला. इथली घड्याळं अजून पुढे सरकायची होती, त्यामुळे साडेपाच तासांचा फरक. तिचा नैवेद्य होऊन गेला होता आणि मी चहा गाळत होते. जगभर एवढं चाललेलं, पण तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "आज काय केलंस?"

या 'केलंस'ची तू नेहमी नक्कल करतेस. मराठी आईने 'काय केलंस' विचारलं तर उत्तर भाजीचं द्यायचं असतं, ऑफिसचं नाही. आणि त्या उत्तरावरून तिला बाकीचं सगळं कळतं. पिठलं-भात म्हटलं की मी दमलेली आहे. बाबाने खिचडी लावली म्हटलं की ती विचारते, ताप किती आहे? पुरण घातलंय म्हटलं की ती दुसऱ्या विषयाकडे वळते, कारण पुरण घालणारीचं बरं चाललेलं असतं. त्या वर्षी ती दिवसातून दोनदा विचारायची. मी एकदा वैतागून "पोळी-भाजी, अजून काय?" म्हणाले, तर अर्ध्या तासाने अप्पांचा वेगळा फोन आला, "सगळं ठीक ना?"

पाडव्याला माझ्याकडे सांगण्यासारखं उत्तर होतं. आदल्या रात्री किलोभर ग्रीक दही अप्पांच्या जुन्या पंचात बांधून सिंकच्या नळाला टांगलं होतं, खाली स्टीलचं पातेलं. रात्रभर टप् टप्. तू दोनदा उठून सांगायला आलीस की नळ गळतोय. सकाळी पुरचुंडी सोडली तर आत पांढरा गोळा, त्यावर पंचाच्या विणीचे बारीक ठसे, आणि गाठीजवळ जिथे पीळ दिला होता तिथे चक्का इतका घट्ट की सुरीने कापता आला असता. पातेल्यातलं हिरवट पिवळं पाणी बाबा ओतायला निघाला होता. मी ते काढून घेतलं आणि त्यातच पुऱ्यांची कणीक भिजवली. आजी चक्क्याच्या बरोबरीने साखर घालते, मी पाऊणपट. पुरणयंत्राचा दांडा तुझ्या हातात दिला होता आणि तू तो फिरवता फिरवता गंभीरपणे विचारलंस, "दह्यात एवढी साखर घालणं लीगल आहे?"

गुढीला झाडूचा दांडा. कडुलिंब नाही, साखरेच्या गाठी नाहीत. तू ईस्टरच्या चॉकलेटच्या अंड्यांची माळ ओवलीस, चांदीच्या कागदासकट. आजीला व्हिडिओवर दाखवली तेव्हा ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "गोड आहे ना? मग झालं."

मग पिठाचं प्रकरण. तुला आठवतं ते रिकामं शेल्फ, तू त्याचा फोटो काढला होतास. लोकांना वाटायचं देशातलं पीठ संपलं. गिरण्यांत पीठ भरपूर होतं. ब्रिटनमधलं जेमतेम चार टक्के पीठ दुकानातल्या छोट्या पिशव्यांतून विकलं जातं, बाकीचं टँकरने नाहीतर मोठ्या पोत्यांतून बेकऱ्यांना आणि कारखान्यांना जातं. एकदम सगळा देश घरी ब्रेड भाजायला बसला आणि दीड किलोच्या पिशव्या भरणारी यंत्रं पुरी पडेनात. आपण गोऱ्या लोकांसारखे यीस्टच्या मागे नव्हतो, पण आट्याची तीच गत. बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानात एका घराला एकच पिशवी, बाहेर दोन-दोन मीटर सोडून रांग, आणि रांगेत पुढची बाई मागचीला सांगतेय की ज्वारीचं अजून मिळतंय.

पीठ मोजून वापरायचं म्हटल्यावर उरलेल्या पोळीला भाव आला. सकाळच्या पोळ्या संध्याकाळी हाताने कुस्करायच्या, कांदा, मिरची, शेंगदाणे, हळद आणि वर लिंबू. आमच्या घरी याला कुस्करा म्हणतात. कुणाकडे नुसतीच फोडणीची पोळी, आणि काही घरांत याच पदार्थाला माणिकपैंजण असं दागिन्याचं नाव आहे. शिळ्या पोळीला एवढं नटवायचं तर नाव तरी कशाला साधं ठेवायचं! तुला तो गूळ-तूप घालून केलेला पोळीचा लाडू जास्त आवडायचा. इतका, की तू पोळ्या मुद्दाम उरवायला लागलीस. ते मला चौथ्या दिवशी कळलं.

बाकी त्या काळातल्या पाककलेबद्दल फार बोलत नाही. कॉफी फेटून फेटून बाबाचा खांदा धरला होता आणि केळ्याचा केक मला अजून बघवत नाही.

पण एक गोष्ट मला तेव्हाच पहिल्यांदा कळली. घरात गोडधोड एवढं होत होतं, तरी तू एके दिवशी कुरकुरलीस, "खाऊच नाही काही." मी चिडले. डब्यात शंकरपाळे होते, चिवडा होता, फ्रिजमध्ये श्रीखंड. मग रात्री भांडी घासताना लक्षात आलं की तुझं बरोबर होतं. घरी केलेला पदार्थ हा पदार्थ असतो. खाऊ म्हणजे कुणीतरी बाहेरून आणलेला. मामा आला की "खाऊ काय आणलास?" म्हणतो आपण, मग पिशवीतून पाच रुपयांचा बिस्किटपुडा निघाला तरी तो खाऊ. त्या वसंतात आपल्या दारात कुणी येतच नव्हतं, मग खाऊ कुठून येणार?

आणि तिथे पलीकडच्या आजी येतात. सत्तरीच्या पुढच्यांनी फार जपून राहायचं होतं आणि त्या तर ऐंशीच्या. मुलगा दूर, भेटायला यायची बंदी. गुरुवारी रात्री आठला सगळी गल्ली डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवायला दारात यायची, तेवढंच त्यांचं दर्शन. त्या टाळ्यांच्या वेळी तूच म्हणालीस की त्यांना श्रीखंड देऊ या. खाण्याचं असं पोचवणं तेव्हा सोपं नव्हतं हेही लक्षात ठेव. आपण दुधाच्या बाटल्या साबणाने धूत होतो, पाकिटं दिवस-दिवस बाहेर ठेवत होतो. मी छोटा स्टीलचा डबा गरम पाण्याने धुतला, भरला, बाहेरून पुन्हा पुसला, कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि आपण दोघी मागे सरून उभ्या राहिलो. त्यांनी हातमोजे घालून तो उचलला.

दोन दिवसांनी डबा भिंतीवर परत. लखलखीत घासलेला, आत घडी केलेली चिठ्ठी : फार छान होतं, पण हे नेमकं काय होतं? मी चिठ्ठी वाचून हसले, पण तो मोकळा डबा हातात घेताना काहीतरी खटकलंच. त्यांची काही चूक नव्हती. त्यांच्याकडे घासून परत देणं हीच रीत, आणि घासलाही माझ्यापेक्षा चांगला होता. आमच्या लहानपणी वाड्यात वाटी रिकामी कधी गेली नाही. घरात काही नसलं तर आई त्यात चिमूटभर साखर घालायची, नाहीतर एक लिंबू. का, असं विचारलं तर "तसं देऊ नये" एवढंच उत्तर. लक्ष्मी वगैरे कारणं सांगणारे सांगतात. मला वाटतं की आपली परतफेड झाली, हिशोब मिटला, असं कुणालाच वाटू द्यायचं नसतं. वाटी भरलेली गेली की ती पुन्हा येणार, आणि आली की पुन्हा जाणार. मधे एखादं भांडण झालं तरी वाटीच्या निमित्ताने दार वाजतं.

हे सगळं मी ओट्याशी बाबाला बोलून दाखवलं. तू तिथे बसून गणितं सोडवत होतीस. ऐकतेयस असं वाटलंही नाही.

दुसऱ्यांदा मी त्यांना मुगाची खिचडी दिली. तिसऱ्या दिवशी डबा आला तो जड. वर झाकण बसत नव्हतं, आतून लालगुलाबी देठ बाहेर डोकावत होते. त्यांच्या परसातलं रुबार्ब, आंबट देठांची भाजी. पानं विषारी असतात म्हणून ती कापून टाकलेली, आणि चिठ्ठीत लिहिलेलं की तुमच्या मुलीने मला नियम समजावून सांगितला आहे.

तूच, मनू. मला न सांगता कुंपणावरून त्या बाईला सांगून आलीस की आमच्याकडे डबा रिकामा देत नाहीत. मला लाजेने मेल्यासारखं झालं. कुणी तरी आपल्याला खायला दिलं आणि वर परतीची अट घातली, असं वाटलं असेल त्यांना! मी फोन करून माफी मागितली तर त्या म्हणाल्या की गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांना कुणासाठी काहीतरी करायचं होतं.

त्या रुबार्बचा मी मेथांबा केला. मेथीदाणा, हिंग, तिखट आणि कैरीला घालते त्याच्या दीडपट गूळ. कैरीच्या फोडी अंग धरून राहतात, हे पाच मिनिटांत विरघळून गेलं आणि रंग आला विटकरी. आजीला व्हिडिओवर दाखवलं. "मेथांबा नाही तो," ती म्हणाली, "पण चुकूनही टाकू नकोस." अर्धा त्याच डब्यातून भिंतीपलीकडे गेला. अक्षय्य तृतीयेला, २६ एप्रिलला, हापूस कुठला मिळायला, डब्यातल्या गराचा आमरस केला, तोही गेला. उलट बाजूने शॉर्टब्रेड आले, पुदिना आला, एकदा नुसती तीन अंडी आली. तू ज्या दिवशी डबा उघडून "खाऊ!" म्हणून ओरडलीस त्या दिवशी आत फक्त मुळे होते.

तिकडे पुण्यात आजीच्या सोसायटीत वाट्यांची ये-जा थांबली होती आणि त्याचं तिला कामवाली नसण्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. म्हणून सगळा उत्साह घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उतरला. रोज ताटांचे फोटो, जिलब्या, पाणीपुरी, मीही त्यात होतेच. एके दिवशी अप्पांनी लिहिलं, "ताटांचे फोटो बंद करा." तेवढंच. माणसं मुलं खांद्यावर घेऊन हायवेने गावाकडे चालत निघाली होती. सरकारने जानेवारीत दहा रुपयांना सुरू केलेली शिवभोजन थाळी मार्चअखेर पाच रुपयांवर आणली होती, आणि अप्पा खिडकीतून तिची रांग बघत होते. मावशीला राग आला, मला तेव्हा थोडा आला. पण त्यानंतर मी ताटाचा फोटो कधी टाकला नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का?

जूनच्या शेवटी बाकीचा देश उघडायच्या बेतात असताना एकट्या लेस्टरला पुन्हा बंद केलं, तेव्हा तू रडली होतीस आणि बाबा पिझ्झा करायला गेला होता. त्याबद्दल न बोललेलं बरं. तो डबा मात्र अजून आहे, झाकणाला पोचा आलेला. सध्या पलीकडच्या आजींकडे आहे. यायची पाळी त्यांची आहे.

आता तुझं. मैत्रिणीच्या डब्यात काय घालायचं ते सांगते. फोडणीचं काही नको, तुमच्या किचनचा स्मोक अलार्म वाजेल आणि सगळी इमारत रात्री पायजम्यात खाली उभी राहील. शिरा कर. एक वाटी रवा अर्ध्या वाटी तुपावर मंद आचेवर भाज. रंग बघू नकोस, वास बघ. दोन वाट्या उकळतं दूध घाल, जपून, ते उसळतं. झाकण ठेवून वाफ आण, रवा नीट फुलला की मगच पाऊण वाटी साखर. आधी घातलीस तर रवा कच्चा राहतो आणि मग कितीही शिजव, दातांखाली कचकच लागते. शेवटी पिकलेलं केळं कुस्करून घातलंस तर प्रसादाच्या शिऱ्याच्या जवळपास जाईल. काजू घालण्याआधी तिला ॲलर्जी आहे का ते विचारून घे. आणि गरम असताना झाकण लावू नकोस, वाफेचं पाणी खाली पडतं.

नियम मात्र तिला समजावून सांगू नकोस या वेळी.

आई