काजूच्या टरफलाच्या तेलात नेमकं काय आहे, हे क्रोमॅटोग्राफी आणि एनएमआरने कसं कळतं?

वेंगुर्ल्याकडे काजू सोलताना हातांची कातडी उतवणारं तेच हे तेल. न तापवता काढलं तर त्यात मुख्यतः ॲनाकार्डिक आम्ल असतं. तापवलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डॅनॉल उरतं. दोन्ही रेणूंत कार्बनची एक रिंग आणि तिला जोडलेली लांब कार्बन-साखळी, म्हणजे शेपटी, असते.

आधी घटक सुटे करा. सी-१८ कॉलमच्या (आत लांब कार्बन-साखळ्यांचा थर असलेल्या नळीच्या) एचपीएलसीवर, म्हणजे दाबाने द्रव ढकलून घटक सुटे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफी यंत्रावर, शेपटीत तीन दुहेरी बंध असलेला रेणू आधी बाहेर पडतो, मग दोनवाला, मग एकवाला. पण क्रोमॅटोग्राफी फक्त बाहेर पडण्याची वेळ सांगते. शुद्ध नमुना शेजारी चालवल्याशिवाय तेवढ्यावर नाव ठरवू नका.

नाव पक्कं करतो तो एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेणूतले हायड्रोजन आणि कार्बन कुठे आहेत हे दाखवणारं तंत्र. प्रोटॉन स्पेक्ट्रममध्ये ५.४ पीपीएमच्या (स्पेक्ट्रमच्या पट्टीवरच्या एककाच्या) आसपास दुहेरी बंधांवरचे हायड्रोजन दिसतात. त्याशिवाय ५.८ आणि ५.० ला खुणा असतील तर एक बंध शेपटीच्या अगदी टोकाला आहे, म्हणजे तीनवाला रेणू. मला हा भाग फार देखणा वाटतो! रिंगवर तीन हायड्रोजन आणि कार्बन स्पेक्ट्रममध्ये १७५ च्या जवळ आम्लगटातल्या कार्बनचं शिखर दिसलं तर ॲनाकार्डिक आम्ल. चार हायड्रोजन आणि ते शिखर गायब असेल तर कार्डॅनॉल. ७.२६ चं शिखर मात्र मोजू नका, ते नमुना विरघळवायच्या ड्युटेरेटेड (जड हायड्रोजनच्या) क्लोरोफॉर्ममध्ये उरलेल्या साध्या क्लोरोफॉर्मचं असतं.