आधी ऑर्डर, मग छपाई

प्रश्न: मी २७ वर्षांची, नाशिकला खासगी कंपनीत नोकरीला आहे. महिना ३८,००० रुपये हातात येतात. माझा धाकटा भाऊ गे आहे. तो फार खचला होता, तेव्हा एलजीबीटीक्यू व्यक्तींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या समुपदेशकांनी त्याला सावरलं. त्या संस्थेसाठी जूनमध्ये, प्राइड महिन्यात, ५०० टी-शर्ट काढायचे आहेत. डिझाइन माझंच आहे. छपाईसकट एक नग २३० रुपयांना पडतो (१००च छापले तर २५५ला). कुरिअरसकट ३४९ला विकेन, म्हणजे कॉलेजच्या मुलांनाही परवडेल. त्यासाठी दीड लाखाची एफडी मोडू का? बचत तेवढीच आहे.

उत्तर: एफडी मोडू नका. टी-शर्ट मात्र जरूर काढा, कारण तुमचा हेतूही चांगला आहे आणि किंमतही योग्य आहे. बदलायची आहे ती फक्त रीत.

५०० नगांचे १,१५,००० रुपये तुम्ही आधी मोजणार. मग विकलेल्या प्रत्येक नगामागे कुरिअरचे साधारण ६०, पिशवीचे १० आणि पेमेंट गेटवेचे ७ जाणार. ३४९ मधले २७२ उरतात. या हिशोबाने पहिले ४२३ टी-शर्ट फक्त तुमचं भांडवल परत आणतात. संस्थेसाठी पैसे जमायला त्यानंतर सुरुवात होते. सगळे ५०० खपले तर २१,००० उरतील. ४०० खपले तर ६,२०० रुपयांचा तोटा होईल, आणि घरात उरलेल्या शंभरांत बहुतेक नको असलेले साइझ असतील. साइझचा अंदाज भल्याभल्या दुकानदारांचा चुकतो. तुमची एफडी म्हणजे जेमतेम चार महिन्यांचा पगार आहे. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं, तर भावालाही त्याच पैशांचा आधार लागेल.

म्हणून आधी ऑर्डर आणि पैसे घ्या, साइझ लिहून घ्या, १०० जमले की छापायला द्या. दर २५५ पडला तरी चालेल. किंमत ३४९च ठेवा. टी-शर्ट हातोहात द्या आणि पैसे क्यूआरवर यूपीआयने घ्या, म्हणजे गेटवेचा खर्चही वाचतो. ज्यांना घरपोच हवा त्यांनी कुरिअरचे वेगळे द्यावेत. आता पिशवीचे १० जाऊन नगामागे ८४ उरतात. जे २१,००० मिळवायला आधी ५०० विकावे लागत होते, ते आता २५० मध्येच मिळतील, आणि तुमचं भांडवल अडकणार नाही. ‘नफा संस्थेला’ असं मोघम लिहू नका. ‘प्रत्येक टी-शर्टमागे ८० रुपये’ असं लिहा. वरचे चार रुपये खराब निघालेल्या नगांची भरपाई म्हणून ठेवा.

छपाईबद्दल एक सुचवते. इंद्रधनुष्याचे सहा रंग स्क्रीन प्रिंटिंगने करायचे तर सहा वेगळ्या स्क्रीन लागतात आणि तो खर्च छोट्या लॉटला झेपत नाही. डीटीएफमध्ये, म्हणजे डिझाइन आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर उतरवण्याच्या पद्धतीत, सगळे रंग एकदम येतात, म्हणून १०० नगांना तेच बरं. एकरंगी डिझाइन जमलं तर मात्र स्क्रीन प्रिंटिंग स्वस्तही पडेल आणि धुण्यातही टिकेल. त्यात कमीपणा मानू नका. खुद्द प्राइडच्या इंद्रधनुषी झेंड्यालाही अशी तडजोड करावी लागली होती. तो तयार करणाऱ्या गिल्बर्ट बेकर यांच्या १९७८च्या मूळ झेंड्यात आठ पट्टे होते. त्यातला गडद गुलाबी रंग गळला तो त्या रंगाचं कापड पुरेसं मिळेना म्हणून. टी-शर्टवर साल छापू नका. जूनमध्ये राहिलेला माल ६ सप्टेंबरच्या आसपासही जाईल. २०१८ साली त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं.

हिशोबाइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे. घेणाऱ्यांपैकी अनेकांनी घरी काही सांगितलेलं नसेल. पार्सल साधं असू द्या, वर संस्थेचं नाव नको. ऑर्डरची यादी कुणाला दाखवू नका आणि काम झालं की पुसून टाका. परवानगीशिवाय कुणाचा फोटो टाकू नका.

संस्थेचं नाव वापरायला तिची लेखी परवानगी घ्या. पैसे बँकेतूनच पाठवा, पावती घ्या. विक्रीसाठी वेगळं खातं उघडा, कारण पुढे दान केलं तरी विक्रीतलं उत्पन्न आधी तुमचंच धरलं जातं आणि रिटर्नमध्ये व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं. तुमच्या पगारावर नव्या करपद्धतीत कर बसत नाही, त्यामुळे दानावर मिळणाऱ्या ८०जीच्या करसवलतीचा विचार सोडून द्या. विक्री महाराष्ट्रापुरतीच ठेवा. राज्यात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण बंगळुरूच्या मैत्रिणीला एक टी-शर्ट विकला तरी ती लागते.

मेअखेरपर्यंत १०० ऑर्डर आल्या नाहीत, तर सगळ्यांचे पैसे परत करा आणि पगारातून दरमहा १,००० रुपये थेट संस्थेला द्या. वर्षाचे १२,००० होतात, आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम येणार असली की समुपदेशकाचं मानधन ठरवणं संस्थेला सोपं जातं.