वाचकांचे प्रश्न : डागडुजीनंतरही सळया का गंजतात?

प्रश्न : मुंबईत समुद्रालगत 1986 साली बांधलेल्या आमच्या चार मजली आरसीसी इमारतीत काही वर्षांपूर्वी बाल्कन्या आणि बीम यांचा सुटलेला भाग काढून, सळया घासून, पॉलिमर मॉर्टर भरून घेतले होते. ती ठिगळे शाबूत आहेत, मात्र त्यांच्या कडेने नव्या भेगा पडू लागल्या आहेत. काम वाईट झाले होते का? निम्म्या सभासदांना आता पुनर्विकासच हवा आहे.
– एका गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस

उत्तर : एवढ्यावरून काम वाईट झाले असे म्हणता येत नाही, ठिगळ चांगले बसल्यामुळेही हे घडू शकते. ताज्या काँक्रीटचा सामू (pH) 12.5 ते 13 च्या आसपास असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरून हा सामू 9 पर्यंत खाली आणतो (यालाच कार्बोनेशन म्हणतात) किंवा खाऱ्या हवेतील क्लोराइड (मिठातला घटक) सळईपर्यंत पोहोचते, तेव्हा तो थर मोडतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत भरत असल्याने बाहेरचे काँक्रीट फुटून निघते. क्लोराइड मुरलेल्या बीममध्ये सळईचा गंजणारा भाग स्वतः झिजत शेजारच्या भागाला राखत असतो. नव्या मॉर्टरने तो भाग सुरक्षित झाला, की झिजण्याची पाळी शेजारच्या भागावर येते. आपल्याकडे बहुधा हेच घडले असावे.

म्हणून पुढची निविदा काढण्यापूर्वी दुखण्याचे कारण ठरवून घ्यावे. अनेक स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीत) रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणीचेच आकडे भरलेले असतात; ते काँक्रीटचा दर्जा सांगतात, सळईची अवस्था नव्हे. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे सामूनुसार रंग बदलणारे रसायन शिंपडल्यास निरोगी भाग गुलाबी होतो, कार्बोनेशन झालेला रंगहीन राहतो. सळईचा विद्युत विभव मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत (तांबे–मोरचूद इलेक्ट्रोडवर) उणे 350 मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण आकडा आला, तर तेथे सळई गंजत असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून अधिक मानतात. सर्वांत मोलाची तपासणी म्हणजे वेगवेगळ्या खोलीवरील क्लोराइडचे प्रमाण. ते पृष्ठभागाशी जास्त आणि आत कमी असेल, तर मीठ बाहेरून आले आहे. सगळीकडे सारखेच असेल, तर ते खाडीच्या रेतीतून किंवा पाण्यातून बांधकामाच्या वेळीच मिसळले गेले असण्याचा संभव आहे.

दोष केवळ कार्बोनेशनचा असल्यास सळईच्या मागेही सुमारे 20 ते 25 मिलिमीटर काँक्रीट काढून, गंज पूर्ण साफ करून दुरुस्ती करावी आणि बाहेरून कार्बोनेशनरोधक लेप द्यावा. अशी इमारत पुढे पुष्कळ वर्षे वापरता येते. बाहेरून आलेल्या क्लोराइडच्या बाबतीत दूषित काँक्रीट काढावे आणि ठिगळाच्या कडेने सळईला जस्ताचे ॲनोड बांधावेत, म्हणजे सळईऐवजी जस्त झिजते. मीठ मुळातच मिसळलेले निघाले, तर मात्र डागडुजीवर दर काही वर्षांनी खर्च करत राहण्यापेक्षा पुनर्विकासाचा विचार करणे मला योग्य वाटते. तसे नसेल, तर सिमेंटचा मुख्य घटक असलेले एक टन क्लिंकर तयार होताना सुमारे 0.8 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे ध्यानात ठेवून धड सांगाडा पाडण्याची घाई करू नये. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 353-ब नुसार 30 वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी बंधनकारक असल्याने हा अहवाल आपल्याला करून घ्यावाच लागेल; तो वरच्या चाचण्यांसह नीट करून घ्यावा, इतकेच.

प्रश्न : गच्ची गळते. जुन्या कोब्यावर आणखी एक कोबा चढवावा का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चढवू नये. दहा सेंटिमीटर जाडीच्या वीटतुकड्यांच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला 150 किलोहून अधिक भरते, आणि गच्चीवर माणसांच्या वावरासाठी आराखड्यात साधारण तेवढाच भार धरलेला असतो. शिवाय जुन्या कोब्यात मुरलेले पाणी दोन थरांत कोंडून स्लॅबच्या सळयांकडेच जाते. जुना कोबा काढून, स्लॅबच्या भेगा भरून, उताराचा नवा कोबा घालावा आणि दोन-तीन दिवस पाणी साठवून गळतीची खात्री करून घ्यावी. काढण्याचे काम छिन्नी-हातोड्याने करावे. ब्रेकरच्या हादऱ्याने आधीच सैल झालेले स्लॅबखालचे काँक्रीट निखळून पडते.